डुकरांच्या खोपटातले पाश्चर

लुई पाश्चर हे नाव आपल्या घरात दोन वाटांनी येते. एक वाट रोज सकाळच्या दुधाच्या पिशवीची आणि दुसरी मुलांच्या शाळेच्या पुस्तकाची. पुस्तकातल्या त्या धड्यात पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा मुलगा असतो, त्याची रडवेली आई असते आणि दाढीवाले, गंभीर चेहऱ्याचे एक शास्त्रज्ञ असतात. मुलगा वाचतो आणि धडा संपतो. मी हा धडा शिकलो, पुढे मुलांकडून करून घेतला आणि आता नातीकडून ऐकतो. एक प्राणी मात्र त्या धड्यात कधीच आला नाही. तो म्हणजे डुक्कर.

रविवारी सकाळी, चहाच्या वेळी हा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. पण माझी सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली, आणि पाश्चर यांचे चरित्र मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला एकच गोष्ट ठळकपणे दिसत गेली. कुत्र्याच्या लशीपर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट डुकरांच्या खोपटातून गेली होती. त्या वाटेवर त्यांना एक मोठी कल्पना हाती लागली आणि त्यांचा एक तरुण सहकारी कायमचा हरवला. ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून आज ती सांगायची आहे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावचा. वडील जाँ-जोसेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. लढाया संपल्यावर ते घरी परतले आणि त्यांनी कातडी कमावण्याचा पिढीजात धंदा पुन्हा सुरू केला. कुटुंब पुढे आर्ब्वा या गावी स्थिरावले. तिथे नदीकाठी घर आणि घरालाच लागून कातडी भिजवण्याचे हौद. कच्च्या कातड्याचा वास ज्याच्या नाकाला लहानपणीच सरावला, त्याला पुढे गोठ्यांची आणि खोपटांची किळस वाटली नाही, यात नवल ते काय! पाश्चर आठ-नऊ वर्षांचे असताना त्या भागात एक पिसाळलेला लांडगा शिरला होता. त्याने चावलेल्या माणसांच्या जखमा लोहाराच्या भट्टीतल्या लालबुंद सळईने डागत असत. ते पाहिलेले आणि ऐकलेले पाश्चर जन्मभर विसरले नाहीत.

मुलगा शिकला तो मात्र रसायनशास्त्र. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीतच, टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर काम करून त्यांनी नाव कमावले. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गला मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारीबाईंनी नवऱ्याचा संसार तर सांभाळलाच, शिवाय रोज संध्याकाळी त्यांचे मजकूर आणि टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. या संसाराला दुःखाची झळ फार लागली. १८५९ मध्ये थोरली जान नऊ वर्षांची असताना विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामिय गेली, आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिलही विषमज्वरानेच गेली. सात वर्षांत तीन मुली गमावलेल्या बापाने पुढचे सगळे आयुष्य रोगजंतूंच्या मागे लावले. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह मला दर वेळी होतो.

जंतूंकडे ते वळले ते दारू, व्हिनेगर, दूध कशाने आंबते या प्रश्नातून. मग सरकारने त्यांना दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा छडा लावायला पाठवले. १८६५ पासून पाच वर्षे ते आलेस गावी जात राहिले. त्या आधी त्यांनी रेशमाचा किडा हाताळलासुद्धा नव्हता. हे काम चालू असतानाच ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात व डावा पाय कायमचा अधू झाला. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. या झटक्यामुळे पुढची एक गोष्ट अपरिहार्य झाली. प्रयोग त्यांच्या डोक्यातले असले, तरी करणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे असत. रू, शांबरलाँ आणि त्युलिए ही त्या हातांची नावे. यातल्या त्युलिएकडे आपल्याला परत यायचे आहे.

लशीचा विचार सुरू झाला कोंबड्यांपासून. १८७९-८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना असे दिसले, की जंतूंचे जुने, बरेच दिवस हवेत राहिलेले कालवण टोचले तर कोंबडी थोडी आजारी पडते, पण मरत नाही. नंतर तिला ताजे, जहाल जंतू टोचले तरी ती तग धरते. देवीची लस गाईच्या देवीपासून मिळाली होती, ती निसर्गाने आयती दिलेली. इथे प्रथमच माणसाने प्रयोगशाळेत जंतूचा जोर मुद्दाम उतरवला होता. मग मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग झाला. लस टोचलेल्या २४ मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या २४ मेंढ्या मेल्या किंवा मरणपंथाला लागल्या. वर्तमानपत्रांचे बातमीदार ते पाहायला हजर होते. पाश्चर जगप्रसिद्ध झाले ते त्या दिवसापासून.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रेंच अकादमीत त्यांचे समारंभपूर्वक स्वागत झाले. फ्रान्समध्ये यापेक्षा मोठा मान नाही. सप्टेंबरमध्ये जिनिव्हाच्या परिषदेत जर्मनीचे रॉबर्ट कॉख आणि ते समोरासमोर आले आणि दोघांची चांगलीच जुंपली. आणि त्याच १८८२ सालच्या नोव्हेंबरमध्ये हे साठीला टेकलेले, एका पायाने ओढत चालणारे, अकादमीचे सभासद रेल्वेने बोलेन नावाच्या एका लहानशा गावी उतरले. कशासाठी? डुकरे पाहण्यासाठी.

बोलेन हे दक्षिण फ्रान्समधले, रोन नदीच्या खोऱ्यातले गाव. तिथे मोक्युएर नावाचे एक पशुवैद्य होते. त्यांच्या भागात डुकरांमध्ये एक भयंकर साथ पसरली होती. तिच्याकडे लक्ष द्यावे म्हणून त्यांनी पाश्चरना पत्र लिहिले होते. खेड्यातल्या जनावरांच्या डॉक्टराने राजधानीतल्या जगप्रसिद्ध माणसाला पत्र लिहावे आणि त्या माणसाने ते वाचून थेट त्या गावी यावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. सरकारी नोकरीत ज्यांनी वरच्या कार्यालयाला पत्रे लिहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

या रोगाला फ्रेंच शेतकरी लाल रोग म्हणत. आजचे त्याचे नाव एरिसिपेलस. डुक्कर एकाएकी तापाने फणफणते, खाणे सोडते, गवताच्या ढिगात तोंड खुपसून पडून राहते. कानांवर, पोटावर, पाठीवर तांबडे-जांभळे चट्टे उठतात. पुष्कळदा हे चट्टे चक्क शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. रोग तीव्र असेल तर दोन-तीन दिवसांत जनावर मरते. कधी तर संध्याकाळी धडधाकट असलेले डुक्कर सकाळी मेलेले सापडते. एकट्या रोनच्या खोऱ्यात १८८२ साली वीस हजारांहून अधिक डुकरे या रोगाने मेल्याचे तेव्हा सांगितले जात होते.

वीस हजार डुकरे म्हणजे काय, हे समजायला त्या काळचे खेडे डोळ्यांसमोर आणावे लागते. तिथल्या लहान शेतकऱ्याकडे आणि मजुराकडे बँकेत ठेवायला पैसा नसे. तो एक पिल्लू विकत घेई, घरचे खरकटे, बटाटे, भाजीचा पाला घालून ते वाढवी आणि थंडीत मारून मांस मिठात घालून ठेवी. वर्षभराचे मांस आणि चरबी त्यातूनच निघे. आपल्याकडे गरिबाच्या दारी शेळी असते आणि औषधपाण्याला, मुलीच्या लग्नाला ती विकली जाते. तसेच हे डुक्कर. श्रीमंताची शंभर मेंढरे मेली तर त्याचे नुकसान होते. गरिबाचे एक डुक्कर मेले तर त्याचे वर्ष जाते.

पाश्चर यांच्याबरोबर बोलेनला दोघे जण होते. एक त्यांच्या मेहुणीचा मुलगा आद्रिअँ ल्वार, जेमतेम एकोणीस वर्षांचा. दुसरा लुई त्युलिए, वय सव्वीस. त्युलिए आमियाँ गावचा, भौतिकशास्त्र शिकलेला, १८८० पासून पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत रुजू झालेला. स्वभावाने अबोल, कामाला वाघ. अँथ्रॅक्सच्या लशीची खात्री पटवून देण्यासाठी पाश्चरनी त्यालाच हंगेरी आणि जर्मनीला पाठवले होते, आणि तिथल्या संशयखोर प्राध्यापकांसमोर या पोराने एकट्याने प्रयोग करून दाखवले होते. डुकरांच्या लाल रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा त्यानेच पाहिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, फ्रान्सच्या मध्य-पश्चिमेकडच्या व्हिएन जिल्ह्यात साथ आली असताना, पाश्चरनी त्याला तिकडे धाडले होते.

बोलेनला ही मंडळी खोपटाखोपटांतून हिंडली. आजारी डुकरे पाहिली, मेलेली चिरून पाहिली, रक्त घेतले, मांसाच्या रश्शात जंतू वाढवले, पुन्हा डुकरांना टोचून पाहिले. पाश्चर पत्नीला पत्रे लिहीत. त्या पत्रांत आजारी डुकरे, मरणारी डुकरे, मेलेली डुकरे आणि पिल्ले यांची वर्णने भरलेली आहेत. पॅरिसच्या घरी बसून ती वाचणाऱ्या मारीबाईंना काय वाटले असेल कोण जाणे! डिसेंबरच्या सुरुवातीला पाश्चर यांचे टिपण विज्ञान अकादमीपुढे आले आणि काम मार्गी लागल्याचे जगाला कळले.

आता ती कल्पना. लाल रोग डुकरांत जोरात असे तेव्हा त्या गावांत कबुतरे आणि ससेही मरताना दिसत. म्हणून पाश्चर आणि त्युलिए यांनी डुकराचा जंतू कबुतराच्या छातीत टोचला. कबुतर काही दिवसांत मेले. त्याच्या रक्तातला जंतू दुसऱ्या कबुतराला, त्याचा तिसऱ्याला, असे करत गेले. दर खेपेला जंतू अधिकाधिक जहाल होत गेला. शेवटच्या कबुतराचा जंतू परत डुकराला टोचला तर तो मूळच्यापेक्षाही घातक निघाला.

मग हाच खेळ सशांवर केला. एका सशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सशांच्या बाबतीतही जंतू जहाल होत गेला, ससे झपाट्याने मरू लागले. पण हा सशांना सरावलेला जंतू परत डुकराला टोचला, तेव्हा डुक्कर मेले नाही. त्याला थोडा ताप आला, चार दिवस ते मलूल राहिले आणि उठले. पुढे खरा लाल रोग टोचला तरी त्याला काही झाले नाही. सशाच्या शरीराची सवय लागता लागता जंतूची डुकरावरची पकड ढिली झाली होती.

यातले मर्म असे, की जंतूचा जोर ही त्याची कायमची, जन्मजात गोष्ट नाही. तो कुठल्या शरीरातून प्रवास करून आला यावर ते अवलंबून असते, आणि हा प्रवास माणसाला ठरवता येतो. कोंबडीच्या कॉलऱ्यात जंतू हवेने मवाळ झाला होता. इथे एका प्राण्याच्या शरीराने दुसऱ्या प्राण्यासाठी औषध तयार केले. साथी एकाएकी का उसळतात आणि कालांतराने का ओसरतात, या जुन्या कोड्यावरही या प्रयोगाने उजेड टाकला. वटवाघळांतून, पक्ष्यांतून, डुकरांतून माणसात येणाऱ्या विषाणूंच्या बातम्या आपण अलीकडे पुष्कळ वाचल्या. त्या वाचताना मला बोलेनची ती कबुतरे आणि ते ससे आठवत होते.

लस तयार झाली तरी अडचणी संपल्या नाहीत. डुकरांच्या जाती वेगवेगळ्या. एका जातीला जी मात्रा मानवे, तीच दुसऱ्या नाजूक जातीला जड जाई. त्यामुळे लस जातीनुसार बेतावी लागेल, हे पाश्चरना मान्य करावे लागले. पण तिने मिळणारे संरक्षण वर्षभर टिके, आणि डुक्कर साधारण वर्षभरच वाढवले जाई. म्हणजे पिल्लू लहान असताना टोचले, की ते विकेपर्यंत शेतकऱ्याला घोर नाही. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याच्या हिशेबाने विचार केला तो असा.

पाश्चर यांना देव्हाऱ्यात बसवण्याची मला हौस नाही. त्यांनी आणि त्युलिएने या जंतूचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असल्याचे सांगितले, ते बरोबर नव्हते. बर्लिनच्या लोफ्लर यांनी १८८६ मध्ये तो बारीक काडीसारखा असल्याचे प्रसिद्ध केले आणि तेच खरे ठरले. पुई-ल-फोरच्या गाजलेल्या प्रयोगातली लसही पाश्चरनी लोकांना भासवले त्या पद्धतीची नव्हती. शांबरलाँ यांनी रसायन घालून केलेली लस तिथे वापरली होती. त्यांच्या खासगी वह्या अभ्यासकांच्या हाती आल्यावर या गोष्टीचा बोभाटा झाला, आणि १९९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकाराने त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. मोठा माणूस, पण श्रेय वाटून घेताना हात जरा आखडता, असेच त्यांच्याविषयी म्हणावे लागते. तरीही त्युलिएच्या बाबतीत त्यांची माया खरी होती, यात शंका नाही.

१८८३ च्या उन्हाळ्यात इजिप्तमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. कॉलऱ्याचा जंतू शोधून काढण्याची ही संधी होती. फ्रान्सने चौघांचे पथक पाठवले. रू, स्त्राउस, पशुवैद्य नोकार आणि चौथा त्युलिए. पथक ऑगस्टमध्ये अलेक्झांड्रियाला पोहोचले. मागोमाग कॉख यांच्या नेतृत्वाखाली जर्मन पथकही आले. काही आठवड्यांत साथ ओसरू लागली, काम निघण्याची लक्षणे दिसेनात, परतण्याची बोलणी सुरू झाली. आणि सप्टेंबरमध्ये एका रात्री त्युलिएला जुलाब सुरू झाले. तोवर धडधाकट असलेला हा मुलगा पाहता पाहता कॉलऱ्याने गेला. त्याचे वय सत्तावीस होते.

त्या वेळी फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात केवढे वैर होते ते सांगायला नको. जिनिव्हाच्या भांडणाला तर पुरते वर्षच होत होते. पण बातमी कळताच कॉख आणि त्यांचे सहकारी आले, त्यांनी शवपेटीवर पुष्पचक्रे वाहिली आणि अंत्ययात्रेत खांदा दिला. पाश्चरना तार मिळाली. ज्याच्याबरोबर दहा महिन्यांपूर्वी ते बोलेनच्या खोपटांतून हिंडले होते, तो मुलगा समुद्रापार पुरला गेला होता. त्याच्या आईवडिलांना काय लिहावे? तीन मुली पुरलेल्या बापाला हे लिहिताना काय झाले असेल, याची कल्पनाच करावी. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर १८८३ मध्ये, डुकरांच्या लशीचा सविस्तर अहवाल अकादमीपुढे आला. त्यावर पाश्चर यांच्याबरोबर त्युलिएचे नाव होते. तोवर तो या जगात नव्हता.

पुढची गोष्ट शाळेच्या धड्यात आहे. पण आता ती वेगळी वाचता येईल. पिसाळ रोगाचे विष एका सशातून दुसऱ्यात असे टोचत नेले, तेव्हा ते अधिक जहाल झाले आणि अखेर ठराविक दिवसांत ठराविक परिणाम करणारे झाले. माकडांतून नेले, तेव्हा ते मवाळ झाले. ही सारी पद्धत डुकरांवर, कबुतरांवर आणि सशांवर आधी हाताखालून गेलेली होती. मग सशांचे मज्जारज्जू बाटलीत वाळवून त्यांचा जोर उतरवला, आणि ६ जुलै १८८५ रोजी अल्सेसहून आलेल्या जोसेफ माइस्टरला पहिली टोचणी दिली गेली. पाश्चर डॉक्टर नव्हते. त्यामुळे सुई धरणारा हात इथेही दुसऱ्याचाच होता, डॉक्टर ग्रांशे यांचा. मुलगा वाचला. देशोदेशींहून देणग्या आल्या आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली.

या संस्थेतून एक धागा थेट आपल्या मुंबईत येतो. ओडेसाहून आलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा तरुण संस्थेत सुरुवातीला ग्रंथालयात काम करी. त्याने कॉलऱ्याचा जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, असा नेत नेत जहाल केला आणि त्यावरून कॉलऱ्याची लस बनवली. पद्धत तीच, बोलेनच्या कबुतरांची. रोगही तोच, ज्याने त्युलिएला नेले. १८९३ मध्ये हाफकिन ती लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ते इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. परळच्या त्या दगडी इमारतीवरून जाताना, डुकरांच्या रोगाशी तिचे दूरचे का होईना पण नाते आहे, हे कुणाच्या मनातही येत नसेल.

दुसरा धागा डुकरांचाच आहे. डुकरांना लाल रोगाहून घातक असा विषाणूचा एक ताप येतो. त्याला स्वाइन फीव्हर म्हणतात. भारतात त्यावर कितीतरी वर्षे जी लस वापरली गेली, ती सशांतून नेऊन मवाळ केलेल्या विषाणूची होती. एका सशापासून जेमतेम पन्नासेक मात्रा निघत. लस थोडी आणि डुकरे लाखो, अशी स्थिती. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होणारी लस पुढे आणली आणि सशांचे बळी थांबवण्याची सोय झाली. हीच संस्था १८८९ मध्ये आपल्या पुण्यात लहानशा प्रयोगशाळेच्या रूपात सुरू झाली होती, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नाही.

लस असून भागत नाही, ती वेळेवर टोचावी लागते. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना संरक्षण मिळत नाही. ते मिळते जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकातून. ज्याचा आपण खरवस करतो, तोच हा चीक, फक्त डुकरिणीचा. पिल्लू अंगात आईचे हे देणे बाळगून असते तोवर लस टोचली तर ती वाया जाऊ शकते. फार उशिरा टोचली तर मधल्या काळात रोग गाठतो. म्हणून स्वाइन फीव्हरची लस साधारण दोन महिन्यांच्या सुमारास देतात. मोठ्या फार्मांवर खोकल्याच्या मायकोप्लाझ्मा रोगाची आणि सर्कोव्हायरसची लस त्याही आधी, तीन आठवड्यांच्या आसपास देतात. हे सारे हिशेब पाश्चरना माहीत नव्हते. पण पिल्लू लहान असतानाच टोचावे, हे त्यांनी ताडले होते.

नोकरीतली एक आठवण इथे सांगतो. तालुक्याच्या दवाखान्याच्या नोंदवहीत गाई, म्हशी, बैल, शेळ्या यांच्या ओळी भरून वाहत. डुकराची ओळ महिनोन्महिने कोरी असे. गावात डुकरे नव्हती असे नाही. ओढ्याच्या काठाला, गावकुसाबाहेर, वडार, कैकाडी अशा कष्टकरी समाजांच्या वस्त्यांत ती होती. पण त्यांचे मालक दवाखान्याच्या फाटकाच्या आत येत नसत. आले तरी बाहेर उभे राहत, आणि त्यांना आत बोलवावे असे फार थोड्यांना वाटे. एकदा एक म्हातारा पोत्यात मेलेले पिल्लू घेऊन आला. बाकीची सहा तरी वाचतील का, असे तो विचारत होता. त्याला मी आत खुर्चीवर बसवले, तर पुढचे तीन दिवस दवाखान्यात तीच चर्चा होती. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथम आला आणि हजारो डुकरे मेली. त्यावर तेव्हा लस नव्हती. तिथल्या घराघरांत परसातले डुक्कर हीच बचत होती. आपल्याकडच्या पहिल्या पानांवर ती बातमी मी शोधत राहिलो.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ वारले. संस्थेच्या तळघरात त्यांची समाधी आहे. तिच्या भिंतींवर त्यांच्या शोधांची नावे सालांसह कोरलेली आहेत. १८८० ला जंतूंपासून केलेल्या लशी, त्यानंतर थेट १८८५ ला पिसाळ रोग. मधल्या १८८२ सालाला वेगळी ओळ नाही. पॅरिसमध्ये त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेच्या परिसरात एक लहानसा रस्ता लुई त्युलिएच्या नावाचा आहे. बोलेन गावात उंचावर पाश्चर यांच्या नावाची एक बाग आहे, तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. मोक्युएर यांचे नाव मात्र चरित्रांच्या एखाद-दुसऱ्या पानापुरतेच उरले.

नातीने परवा तो धडा पुन्हा म्हणून दाखवला. मी तिला बोलेनची गोष्ट सांगितली. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, त्या गावच्या डॉक्टरांनी पत्रच लिहिले नसते तर? मी म्हटले, तर पाश्चर तिथे गेले नसते. आणि ते वाचून त्यांनी बाजूला ठेवले असते, तर? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने मला द्यायला लावले नाही, तिचे तिलाच कळले होते. पत्र लिहिणारे अजूनही आहेत. ते कुठल्या तरी वस्तीतून, कुठल्या तरी मेलेल्या पिल्लाबद्दल लिहीत असतात.